जगदेवीचा दोरा

शेराचं लोखंडी वजन धप्पकन जमिनीवर आदळलं आणि घाटनांदूरच्या ईश्वरप्पा वाण्यांच्या घरात जगदेवीचा तिसरा दोरा तुटला. तुळईच्या कडीला वरचं टोक तेवढं लोंबत राहिलं. दहा वर्षांच्या जगदेवीनं आधी त्या टोकाकडं पाहिलं, मग आज्जाकडं, आणि मग असं भोकाड पसरलं की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

"रडून झालं की सांग," ईश्वरप्पा म्हणाले. "मला वजन दुकानात न्यायचं हाय. गिऱ्हाईक खोळंबलंय."

असा हा म्हातारा. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, अंगात बंडी, आणि नातीवर जीव किती आहे ते कुणाला कळू नये म्हणून चेहरा कायम आंबट.

त्यांच्या घराण्याचा एक रिवाज होता. लिंगायत घरात पोराची दीक्षा असली की गळ्यात लिंग बांधायचा दोरा लोक बाजारातून आणत. ह्या घरात मात्र ज्याची दीक्षा, त्यानंच तो करायचा. परसात कापसाची चार झाडं लावायची, त्यांना पाणी घालायचं, बोंडं वेचायची, सरकी काढायची, कापूस पिंजायचा, टकळीवर सूत कातायचं आणि त्याचे नऊ पदर एकत्र पिळून दोरा वळायचा. गाठ मारलेली चालायची नाही. झालेल्या दोऱ्याला शेराचं वजन बांधून तुळईला टांगायचं. ईश्वरप्पांची पूजा होईपर्यंत टिकला तर दोरा खरा. गळ्यातलं लिंग निसटून पडणं म्हणजे ह्या लोकांना जीव जाण्यासारखं, त्यामुळं परीक्षेत सूट नव्हती. मुलगा असो की मुलगी.

आणि आता दिवस उरला होता एक. परवा सकाळी मठाचे स्वामी शिवरात्रीसाठी परळी वैजनाथाला जाताना गावात थांबणार होते, गावातल्या पोरांना दीक्षा देणार होते. ह्या वाटेनं ते पाच वर्षांतून एकदा येत. पाच वर्षांनी जगदेवी सासरी असणार होती. पाटोद्याकडचं एक स्थळ आत्ताच विचारून गेलं होतं. म्हणजे आज्जाच्या अंगणात, आपल्या हातच्या दोऱ्यानं लिंग बांधून घ्यायचं तर परवाच. नाहीतर कधीच नाही.

चूक कुठं होत होती? ईश्वरप्पांना ती पहिल्या दिवशीच दिसली होती. टकळी उजवीकडं फिरवून कातलेलं सूत एकत्र वळताना टकळी डावीकडं फिरवावी लागते. उलटा पीळ बसला की पदर एकमेकांना घट्ट धरतात. त्याच बाजूनं पिळत राहिलं तर सूत चिडल्यासारखं वेटोळी घालतं आणि जोर पडला की तुटतं. एवढं साधं. बैलाचं चऱ्हाट वळताना जगदेवीनं हजारदा पाहिलं होतं. पण चऱ्हाट बैलाचं होतं आणि दोरा देवाचा होता! ओवाळायचं उजवीकडून, जातं फिरवायचं उजवीकडून, तुळशीला फेऱ्या घालायच्या त्याही उजवीकडून. उलटं फिरवतात ते अशुभाला. देवाच्या दोऱ्याला उलटा पीळ द्यावा, हे त्या भाबड्या डोक्यात यायचं कसं?

जगदेवीची आई गंगासागर सासऱ्यांसमोर बोलत नसे. ती चुलीवरच्या भांड्याशी बोले, फक्त जरा मोठ्यानं.

"लेकराच्या बोटाला फोड आले बघ," ती आमटीला म्हणाली. "कुनाला ठाव असंल तर सांगावं की. तोंड का म्हून शिवून ठिवलंय?"

ईश्वरप्पांनी खांबाला उत्तर दिलं. "म्या सांगितलं तर त्ये माझं ऱ्हाईल. तिचं तिला गावलं तर ते जन्मभर कुनी काढून घेनार न्हाई."

आमटी खदखदली. गंगासागरचाही राग उकळत होता. दुपारी म्हातारे दुकानात गेले तसं तिनं लेकीला आत बोलावलं आणि पदराखालून कागदाची पुडी काढली. आत गिरणीचा दोरा होता. पांढराशुभ्र, गुळगुळीत, सगळीकडं सारखा.

"ह्यो घे. थोडी धूळ चोळ म्हंजे हातचा वाटंल. कुनाला कळत न्हाई."

जगदेवीनं दोरा हातात घेतला. किती सुंदर होता! तिच्या दोऱ्याला जागोजागी गुठळ्या होत्या, ह्याला एकही नव्हती. ती तो बोटाभोवती गुंडाळून बराच वेळ बघत बसली. आपला झाला, असं मनाला सांगून पाहिलं. मनाला काही वाटलंच नाही. गेल्या जत्रेत बापानं घेतलेल्या हैदराबादी बांगड्यांनी ती हरखून गेली होती, पण आठ दिवसांत बांगड्या फुटल्या आणि हरखणंही फुटलं. उलट पहिल्या दिवशी कातलेलं वीतभर सूत, वाकडंतिकडं, कुत्र्याच्या शेपटीसारखं, तिनं अख्ख्या गल्लीला दाखवलं होतं, आणि ते आजही फडताळातून काढून बघितलं की पोटात गुदगुल्या होत.

"आई, नको," ती म्हणाली. "धूळ चोळली तरी मला कळंल की."

गंगासागरनं पुडी मागं घेतली. "आज्जाचीच नात," ती पुटपुटली. पण लेकीच्या डोक्यावरून तिनं हात फिरवला तो जरा जास्तच वेळ फिरत राहिला.

दिवस कलायला लागला तशी जगदेवी एकटीच महादेवाच्या देवळात गेली. भांडायला. नंदीच्या पाठीवर हात टेकून तिनं देवाला सगळं ऐकवलं. चार झाडं जगवली, एक शेळीनं खाल्लं तरी तक्रार केली नाही, टकळी एकदासुद्धा उलटी फिरवली नाही, आणि तरी तू माझा दोरा तोडतोस? मी काय कमी केलं? डोळ्यांत पाणी, नाकातही पाणी. तशीच ती देवाला फेरी घालायला निघाली. गाभाऱ्याच्या मागून फिरून आली, आणि देवाचं तीर्थ जिथून बाहेर वाहतं त्या दगडी पन्हाळीवरून रागाच्या भरात पाय उचलला.

"ए पोरी! पाय मागं घे!"

देऊळ झाडणारी गुरवीण, सावित्रीबाई, खराटा उगारून उभी होती.

"चुकलं, सावित्रीबाई."

"चुकलं म्हनं! येवढी घोडी झाली आन् महादेवाची फेरी ठाव न्हाई? पन्हाळ ओलांडायची नसती. हितनं मागं फिरायचं. जेवढं सरळ गेलं तेवढंच उलटं फिरायचं, तवा फेरी पुरी व्हती."

"व्हय," जगदेवी म्हणाली आणि सवयीनं मागं वळली. चार पावलं गेली. पाचव्या पावलाला थांबली.

जेवढं सरळ, तेवढंच उलटं. तवा फेरी पुरी.

ती जन्मापासून ही फेरी घालत होती. दर सोमवारी. सरळ जायचं, पन्हाळीपासून उलटं फिरायचं, पुन्हा पन्हाळीपाशी यायचं. सगळ्या देवांची फेरी एकाच बाजूनं आणि फक्त ह्याची दोन्ही बाजूंनी! आणि गळ्यात बांधायचं लिंग कुणाचं होतं? ह्याचंच की! तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. डोळ्यांपुढं नऊ पदर दिसायला लागले, सरळ कातलेले, आता मागं फिरायची वाट बघत बसलेले.

"आगं बया!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की सावित्रीबाईंचा खराटा हातातून पडला. "सावित्रीबाई, तुमी लई चांगल्या हाव!"

"मला काय झालं आता?" सावित्रीबाई म्हणेपर्यंत पोरगी देवळाच्या पायऱ्या उतरून वेशीपाशी पोचलीही होती. घंटा वाजवायची राहिली. वाटेत कुणी हाक मारली, तिला ऐकू आली नाही. घरात शिरली ती थेट टकळीवर झडप घालून ओसरीवर बसली.

कातलेलं सूत तिच्याकडं एका दोऱ्यापुरतंच उरलं होतं. तुटलं तर पुन्हा कातायला वेळ नव्हता. तिनं नऊ पदर एकत्र घेतले, डोळे मिटून "ओम् नमः शिवाय" म्हटलं आणि आयुष्यात पहिल्यांदा टकळीला डावीकडं गिरकी दिली. आणि काय सांगावं! इतके दिवस अंगावर धावून येणारं ते सूत एकदम निवळलं. पदर एकमेकांच्या कुशीत शिरून गप बसले. वेटोळं नाही, ओढ नाही. दोरा हातातून सरळ खाली सुटला आणि तसाच राहिला. जगदेवीला हसू आवरेना. ती हसत होती, वळत होती, मध्येच थांबून दोरा गालाला लावून बघत होती. खांबाआडून ईश्वरप्पा ते बघत होते. दिवेलागणीची वेळ झाली होती, दुकान उघडं होतं, आणि गिऱ्हाईक तिकडं हाका मारून दमलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वजन टांगलं. जगदेवी, गंगासागर आणि आठ वर्षांचा धाकटा भाऊ महारुद्र भिंतीला पाठ लावून ओळीनं उभे राहिले. दोरा ताणला गेला. वजन एकदा डावीकडं फिरलं, एकदा उजवीकडं, आणि थांबलं.

ईश्वरप्पांनी पूजा सुरू केली. रोज घटकेत उरकणारी पूजा त्या दिवशी संपेचना. विभूती लावली, पुन्हा लावली. बेलाची पानं एकेक करून वाहिली, त्यातही प्रत्येक पान उजेडात धरून तपासलं. गंगासागर समईला म्हणाली, "आज परळीच्या वैजनाथाचीबी पूजा हितंच उरकायची दिसती." जगदेवीचं मात्र कशाकडंच लक्ष नव्हतं. ती श्वास धरून दोऱ्याकडं बघत होती. आणि बघता बघता तिची भीती कुठल्या कुठं गेली. तिला ठाऊक होतं. दोरा तुटणार नव्हता. का तुटणार नव्हता हे तिला बोटांच्या टोकापर्यंत ठाऊक होतं. दुसऱ्यानं सांगितलेलं नव्हे, तिचं स्वतःचं. असा आनंद तिला बांगड्यांनी दिला नव्हता, जत्रेनं दिला नव्हता. ह्यात फुटण्यासारखं काही नव्हतंच.

शेवटी ईश्वरप्पा उठले. त्यांनी वजन सोडलं, दोरा दोन्ही हातांत धरून ओढला, कपाळाला लावला. आंबट चेहरा करायचा त्यांनी फार प्रयत्न केला, पण जमला नाही.

"खरा हाय," ते म्हणाले. "खरा हाय बाळ." आणि उपरण्यात तोंड लपवून जोरानं नाक शिंकरलं.

मग काय, घरात एकच गोंधळ उडाला. जगदेवीनं तीन उड्या मारल्या, आईला मिठी मारली, आणि आनंद पोटात मावेना म्हणून महारुद्राचे खांदे धरून गदागदा हलवले. त्याची पाळी पाच वर्षांनी होती, पण बहिणीचं बघून त्यानं टकळी आधीच हातात घेतली होती, आणि तिनं टाकून दिलेलं सूत चार पदर घेऊन वळायला बसला होता.

"महारुद्र, ऐक! उलटं पीळ! समदं सूत उलटं पीळ, म्हंजे तुटत न्हाई!"

ईश्वरप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. सात पिढ्यांचं गुपित पोरीनं एका दमात ओतून टाकलं होतं.

पण महारुद्रानं तिच्याकडं असं पाहिलं, जणू तिला वारं लागलंय.

"उलटं? देवाचा दोरा उलटा? पाप लागंल!"

"सरकारी मदरशात रोज उजवीकडनं डावीकडं उर्दूची अलिफ-बे लिव्हतोस, तवा लागत न्हाई व्हय रे पाप?"

"ते निजाम सरकारचं हाय," महारुद्र ठामपणे म्हणाला. "ह्यो देवाचा हाय." आणि त्यानं टकळीला उजवीकडं झकास गिरकी दिली.

ईश्वरप्पा खो खो हसत खाली बसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मलाबी थोरल्या बहिनीनं असंच कानात सांगितलतं," ते म्हणाले. "म्या तिला येडी म्हनलो आन् सात दोरे तोडले."

जगदेवीनं टकळी हिसकावून घ्यायला हात पुढं केला. आज्जाकडं पाहिलं. हात मागं घेतला. मग दोन्ही हात मांडीखाली दाबून ती भावाच्या शेजारी बसली आणि हसू दाबत त्याचा दोरा तुटायची वाट बघू लागली.