फाटकाला तेल

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी फाटक आहे. भिलाईच्या रिसालीत एका पिवळ्या घरापुढे उभे असते. तुम्ही मला एका बोटाने ढकलले तरी मी उघडेन आणि जराही आवाज करणार नाही. लोक यालाच चांगले फाटक म्हणतात. मी असे चांगले कसे झाले, ते आज सांगते.

मला केवलरामने बनवले. तो भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, इथे कारखान्यात वेल्डर होता. माझे पाइप त्याने भंगाराच्या लिलावातून आणले आणि पावती देव्हाऱ्यात ठेवली. वेल्डरच्या घरी लोखंड दिसले की लोक आधी लोखंडाकडे बघतात आणि मग वेल्डरकडे, हे त्याला ठाऊक होते. चार सुट्ट्या तो अंगणात बसून मला जोडत होता. त्याची बायको मथुरा डोळ्यांवर पदर धरून बाजूला उभी असायची. मला उभे केल्यावर ती म्हणाली, "थोडंसं वाकडं झालं वाटते."

"वाकडं नाही व्हय, लाजून राहिलं," केवलराम म्हणाला.

मी वाकडेच होते. डावीकडून किंचित खाली. त्यामुळे वरची बिजागरी घासायची आणि मी कुरकुरायचे. माझ्या कुरकुरण्यावरून कोण आले ते मथुराला चुलीपाशी कळे. दूधवाल्याची एक लांब ओढ. केवलरामचे ड्यूटीवरून येणे, सायकलच्या चाकाने दिलेला धक्का. गाय डोक्याने ढकले, तेव्हा माझा आवाज अर्धाच निघे आणि मथुरा लाटणे घेऊनच बाहेर येई.

त्यांचा मुलगा मोहित नववीत होता तेव्हा त्याला दुपारच्या सिनेमाचा नाद लागला. घरातून गुपचूप निघता यावे म्हणून त्याने माझ्या बिजागऱ्यांत सायकलचे तेल ओतले. ओतले म्हणजे अर्धी कुपी. मी गप्प झाले, पण पायरीवर काळा डाग पडला. मथुराने तो डाग पाहिला आणि मोहित परत येईस्तोवर पायरीवरच बसून राहिली.

"चोरी कराले गेला आन् तेल सांडून आला," ती म्हणाली. "तुह्या हाताले अंदाजच नाही रे, मोहित्या." मग मायलेक दोघेही हसले. केवलरामने रॉकेलच्या बोळ्याने मला पुसले आणि माझा आवाज मला परत मिळाला.

वर्षे गेली. मोहित रायपूरला नोकरीला लागला, तिथेच फ्लॅट घेतला. त्याला वंदना नावाची बायको आली, समीक्षा नावाची मुलगी झाली. इकडे मथुराचा एक डोळा काचबिंदूने गेला आणि दुसऱ्यात मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन दिवाळीनंतर, मग परीक्षेनंतर, मग उन्हाळ्यानंतर असे पुढे सरकत राहिले. केवलराम ओसरीत खाटेला खिळला तेव्हा त्याने तिथूनच मोहितला माझ्यापाशी उभे करून सांगितले, "याले तेल देजो नोको. हे तुह्या मायचे डोये व्हयत."

मोहितने मान हलवली. मी साक्षीला होते.

केवलराम गेला. घर मोहितच्या नावाने आधीच झाले होते. मथुरानेच हट्ट धरला होता, "माह्या नावानं कशाले? पोराच्या नावानं कर." ती ओसरीत माझ्यापासून दहा पावलांवर खाट टाकून बसे. मी कुरकुरले की विचारी, "सिंधुताई व्हय ना?" आणि शेजारच्या सिंधुताई म्हणत, "बाई, तुमच्यापासून काई लपत नाही."

मित्रांनो, हेच नडले.

मोहितला घर विकायचे होते. रायपूरला मोठा फ्लॅट घ्यायचा होता आणि आईसाठी दर आठवड्याला भिलाईला येणे त्याला जमेना. पहिले गिऱ्हाईक आले, मी कुरकुरले. मथुराने खाटेवरून विचारले, "कोन व्हय? नवीन पाय हायेत." गिऱ्हाईकाने भाबडेपणाने सांगितले की घर बघायला आलोय. ती म्हणाली, "घर इकाचं नाही. मी इथंच मरन. तुमाले चहा ठेवू का?" त्यांनी चहा घेतला नाही. दुसऱ्यांनाही तिने हेच सांगितले. म्हातारीच्या तळतळाटाचे घर कोण घेणार?

मग चंपत दलाल आला. माझ्यावर रेलून, दातात काडी घालत त्याने मोहितला शिकवले. "भाऊ, घर इकनं म्हनजे पोरगी दाखवनं. भिंतीच्या भेगा भरा. रंग पिवळा द्या, फिका. ट्यूबलाइट काढून पांढरे बल्ब लावा. बाबूजींचा हारवाला फोटो उतरवा, मेलेला मानूस पाहून गिऱ्हाईक बिचकते. सामान अर्धं करा, खोली मोठी दिसते. आन् हे फाटक? कुत्रं दाबल्यावानी वरडते. याले तेल द्या."

"आणि आईचं काय?" वंदनाने विचारले.

"तेच सांगून राहिलो. फाटकाले तेल द्या," चंपत म्हणाला आणि माझ्यावरून उठला.

पण आई ओसरीत होती आणि तिला कान होते. लोक आत आले की कळणारच. तेव्हा चंपतच्याच वाक्यातून मोहितला युक्ती सुचली. त्याने आईच्या पायाशी बसून सांगितले, "आई, समीक्षासाठी स्थळं येणार आहेत. आजकाल लोक पहिले घर बघतात, फिर लडकी. म्हणून रंगरंगोटी करून राहिलो."

मथुराने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "माही समी एवढी मोठी झाली?" तिने त्याच दिवसापासून खाटेवर धुतलेली चादर टाकायला सुरुवात केली.

त्या संध्याकाळी मोहितने तेलाची कुपी आणली. हात तोच. बिजागरीतून ओघळ निघाला, पायरीवर डाग पडला. माझा आवाज घशातच राहिला. दुसऱ्या दिवशी आत मथुरा वंदनाला विचारत होती, "आज कोनीच कसं आलं नाही?" त्या दिवसात पाच जण मला उघडून, अंगणातूनच घर बघून गेले होते.

मग सेक्टर १० मधून शामसुंदर आणि शीला आले. शामसुंदर कारखान्यात ऑफिसर, निवृत्तीला सहा महिने राहिलेले. त्यानंतर क्वार्टर सोडावे लागणार. मोहितने दोघांना माझ्याबाहेरच थांबवून हलक्या आवाजात सांगितले, "आई का दिमाग थोडा... म्हणजे, तिला भास होतात. तिला वाटतं तुम्ही आमच्या मुलीला बघायला आलात. नाही म्हटलं की रात्रभर रडते. जरा मान हलवा."

शीलाबाई मनाने चांगल्या होत्या. त्यांनी मान हलवली. चांगल्या माणसांकडून काम किती सोपे होते, ते मी तेव्हा पाहिले.

मथुराने स्वतः घर दाखवले. भिंतीला हात लावत ती पुढे आणि ते मागे. "हे पाहा विहीणबाई, या कोपऱ्यात उन्हाळ्यातबी थंड राहते. विहिरीचं पानी गोड हाय. ही भिंत समीच्या आजोबानं स्वतःच्या हातानं उचलली, भूकंपालेबी हालत नाही. तुमचा पोरगा इथं जावई म्हनून आला तर त्याले लेकावानी ठेवू." चंपतला उभ्या जन्मात जमले नसते असे ती बोलली. नव्या रंगाखालच्या भेगा कुणी पाहिल्याच नाहीत.

"पोराचं नाव काय?" तिने विचारले.

"शुभंकर," शीलाबाई म्हणाल्या. मुलगा खराच होता, नागपूरला.

"घर आवडलं?"

"फार आवडलं, आजी."

मथुरा उठली. "वंदना, विहीणबाईची ओटी भर. माह्या हातानं चालत नाही, मी इधवा. नारळ देव्हाऱ्यात हाय." वंदनाने नवऱ्याकडे पाहिले. नवऱ्याने मान वळवली. मग तिने तांदूळ, नारळ आणि खण शीलाबाईंच्या पदरात घातले. बाहेर आल्यावर चंपत मोहितच्या पाठीवर थाप मारून हसला, "भाऊ, सौद्याचे बयाणे तर लय पाहिले. घरच ओटीत घालनारी मालकीन पहिल्यांदा पाहिली!"

तीन आठवड्यांनी मथुराला डोळ्याच्या ऑपरेशनला रायपूरला नेले. तिच्या पिशवीत दोन लुगडी होती. बाकीचे सामान मोहितने ती झोपलेली असताना हलवले होते. गाडीत बसताना ती सिंधुताईंना म्हणाली, "लग्नाच्या आधी येतो बाई. फाटक लावून घेजा, गाय येते." सिंधुताईंनी तोंडाला पदर लावला. त्यांनाही ठाऊक होते. साऱ्या गल्लीला ठाऊक होते.

ऑपरेशन मात्र खरेच झाले. मोहित अगदीच वाईट नव्हता, आणि तेच मला अजून सलते.

हिवाळ्यात एका सकाळी ऑटो थांबला. काळा चष्मा लावलेली मथुरा एकटीच उतरली. तिने चष्मा काढला आणि कितीतरी वर्षांनी मला पाहिले. पिवळे घर पाहिले. मग मला ढकलले.

आवाज झाला नाही.

ती थांबली. मला मागे ओढले, पुन्हा ढकलले. पुन्हा. मी जीव तोडून प्रयत्न केला, मित्रांनो. काही निघाले नाही.

"कोण आहे?" शीलाबाई बाहेर आल्या. आवाज मथुराने लगेच ओळखला. तिचा चेहरा फुलला.

"अवो विहीणबाई! तुम्ही कवा आल्या? मोहितनं मले सांगतलंबी नाही. पसंत पडली ना आमची समी?"

शीलाबाईंच्या हातात ओला टॉवेल होता. त्या म्हाताऱ्या डोळ्यांत त्यांनी नीट पाहिले, आणि त्यात भ्रम कुठेच नव्हता. "आजी," त्या म्हणाल्या, "तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? आम्ही... आम्ही इथेच राहतो आता. घर घेतलं आम्ही."

मथुराने ओसरीकडे पाहिले. तिच्या खाटेच्या जागी चपलांची मांडणी होती. मग तिने माझ्या बिजागरीवर बोट ठेवले.

"याले तेल तुम्ही देल्लं का?"

"नाही हो. आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हापासून असंच आहे. कध्धी आवाज केला नाही त्याने."

मथुराने खाली पाहिले. पायरीवर काळा डाग होता. ती वाकली, पदराच्या टोकाने तो पुसून पाहिला, आणि तेल लागलेला पदर उजेडात धरला.

"मोहित्याच व्हय," ती हळूच म्हणाली. "हाताले अंदाज नाही."

शीलाबाई आत धावल्या, घडी न मोडलेला तो खण घेऊन आल्या. "आजी, हा परत घ्या. मला माहीत नव्हतं हो."

"ओटी कोनी परत घेत नाही, बाई." ती ऑटोत बसली. चष्मा लावला. मग सवयीनेच म्हणाली, "फाटक लावून घेजा. गाय येते."

ती पुन्हा आली नाही.

पावसाळ्यात माझे तेल धुऊन गेले आणि मी परत कुरकुरू लागले. मी कुरकुरले की शीलाबाई हातातले काम टाकून धावत बाहेर येत. दूधवाला असे, नाहीतर गाय. शेवटी शामसुंदरांनी कुपी आणली. आता ते दर महिन्याला मला तेल घालतात, मोजून चार थेंब. डाग पडत नाही.

मित्रांनो, घर विकायचे असेल तर अवश्य विका. भिंती रंगवा, भेगा भरा, फाटकालाही तेल घाला. आम्ही लोखंड, आम्ही गप्प बसतो. पण तुमच्या घरात कुणी आमच्या आवाजावर जगत असेल, तर त्याच्या खाटेपाशी बसा आणि त्याला आधी सांगा. मग घाला तेल.