स्वयंपाकाची होडी शर्यतीला उतरते

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो. जुनी म्हटले की लोक लगेच 'बिचारी' म्हणतात, म्हणून आधीच सांगून ठेवते, मला बिचारी म्हटलेले अजिबात खपत नाही. मी केरळातल्या कुट्टनाडातली वेप्पू होडी, म्हणजे मूळची स्वयंपाकीण. स्वयंपाकिणीचा ताठा काय असतो ते तुम्हाला माहीत असेलच.

माझा जन्म पंपा नदीच्या काठी झाला. नाणू आशारी नावाच्या सुताराने एक दांडगा रानफणस तोडून त्याच्या फळ्या काथ्याने आवळल्या आणि मला घडवले. पाण्यात लोटण्याआधी त्याने माझ्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हात ठेवला आणि म्हणाला, "गळू नकोस गं बाई, माझी लाज राख." मी राखली. शर्यतीच्या लांबलचक सर्पनौका निघाल्या की मी त्यांच्या मागे जात असे. त्यांच्या वल्हेकऱ्यांचा भात, तारल्यांचे कालवण आणि कप्पा नावाचा उकडलेला कंद माझ्या पोटात शिजत असे. जिंकल्यावर हार त्या सर्पनौकांना पडायचे, पण भूक लागली की सगळे माझ्याकडे धावायचे.

पुढे रस्ते झाले, पूल झाले आणि जेवणाचे डबे मोटारीतून येऊ लागले. मला पालथी घालून झावळ्यांच्या छपराखाली ठेवून दिले. कोंबड्यांनी माझ्या आडोशाला अंडी घातली. एकदा तर कोणीतरी म्हणाले, "फोडून चुलीत घाला हिला." जन्मभर जिने रांधले तिलाच चुलीत घालायला निघाले होते! फार वाईट वाटले मला.

मला वाचवले कुट्टप्पन आशाननी. आशान म्हणजे गुरुजी. शर्यतीच्या होडीत मधोमध उभे राहून ते जाड सोटा फळीवर आपटत आणि त्या ठोक्यासरशी सगळी वल्ही एकदम पाण्यात पडत. पण आता वल्हवायला होते कोण? आमच्या काठाचे तरणे हात आखातात नोकरीला गेलेले. ओणमच्या शर्यतीत आमची होडीच नसे. समोरच्या काठचे लोक डिवचायचे, "तुमच्याकडे आता टाळ्या वाजवायलाच माणसं उरली की काय?"

आशानना ते झोंबले. कालव्यापलीकडे अपंग मुलांची शाळा होती. त्यांनी सांगून टाकले, "त्या शाळेची पोरं आणि आपली पोरं एकत्र बसवायची. एक वल्हं ह्याचं, शेजारचं त्याचं." लोक हसले. आशाननी तिकडे लक्ष न देता मला सुलटी केली, भेगा बुजवल्या आणि तारल्यांचे तेल अंगभर चोळले. कितीतरी वर्षांनी अंगाला तेल लागले, तेव्हा मला रडूच यायचे बाकी राहिले.

मग ती मुले आली. त्यात सुधीश होता. त्याला दिसत नसे, पण जीभ तिखट. "काल माझ्या पाठीत वल्हं कुणी घातलं? दिसलं नाही म्हणून वाचलास बरं का!" असे तो रोज कोणाला तरी सुनवायचा. आणि रिन्सी होती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हते. आईची मासे विकायची डोणी वल्हवून तिचे दंड असे भरले होते की मुलांनाही हेवा वाटावा. तिचा भाऊ जोमोन तिच्या शेजारीच वल्हवत असे. दोघे हातांच्या खुणांनी बोलत, भांडतही हातांनीच.

आमच्या काठच्या होडी क्लबचे सेक्रेटरी वर्कीच्चन. माणूस लोण्याहून मऊ. त्यांनी हौसेने रबरी गाद्या आणल्या आणि माझ्या तळापासून बाकांपर्यंत अंथरल्या. वर आशानच्या सोट्याच्या टोकाला जुन्या लुंगीच्या चिंध्या गुंडाळल्या.

"हे काय रे?" आशान म्हणाले.

"पोरं नाजूक आहेत आशान. हादरे बसायला नकोत त्यांना."

सगळ्यांना ते पटले. मला मात्र धडकी भरली. सोट्याचा ठोका हवेतून कानात जातो, हे झाले सगळ्यांचे. पण तो माझ्या फळ्याफळ्यांतून धावत वल्हेकऱ्याच्या तळव्यांतही शिरतो, हे मला ठाऊक होते. आता तो गादीतच मरू लागला. रिन्सी बिचकून पुढच्याच्या खांद्याकडे बघायची आणि वल्हे टाकायची, तोवर उशीर झालेला असायचा. वल्ह्यावर वल्हे आपटायचे. मला तोंड असते तर मी ओरडले असते, पण मी पडले लाकूड.

शर्यतीच्या पंचांनी आमचा सराव बघितला आणि माना हलवल्या. त्यांनी वर्कीच्चनना बाजूला घेऊन सांगितले, "शर्यतीआधी पोरांची एक फेरी काढा, लोक कौतुक करतील. खऱ्या शर्यतीत उतरायचं असेल तर ज्यांना ऐकू येत नाही त्यांना वगळा. रविवारी पुन्हा बघू."

वर्कीच्चन रिन्सीपाशी आले. "पोरी, तू काठावर झेंडा धर. सगळ्यात पुढे तुलाच उभी करतो." जोमोनने ते खुणांनी सांगितलेच नाही. पण त्याचा चेहरा बघून तिला सगळे कळले. ती वल्हे पोटाशी धरून माझ्या बाकावर बसून राहिली, उठवता उठेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाद्या भिजल्या म्हणून कुंपणावर वाळत पडल्या होत्या, चिंध्याही. आशान आणि जोमोन माझ्यापाशी उभे होते आणि रिन्सी अनवाणी पायांनी आत उतरून करवंटीने पाणी उपसत होती. आशानचे डोके तापले होते. "आयुष्यभर ताल दिला, आता एका पोरीला देता येईना!" असे म्हणून त्यांनी रागाने सोटा दाणकन फळीवर हाणला.

रिन्सीच्या हातातली करवंटी पडली. तिने खाली बघितले, मग आशानकडे. दोन्ही तळवे फळीवर घट्ट रोवून तिने खूण केली, पुन्हा मारा. आशाननी मारला. पुन्हा. आता तिने वल्हे उचलले आणि ठोक्याला ठोका असा पाण्यात टाकला की बदके पांगली. माझे सारे अंग शहारले, मित्रांनो!

तिचे हात भराभर बोलू लागले. जोमोन हसत सुटला.

"काय म्हणतेय?" आशाननी विचारले.

"म्हणतेय, पायातून येतंय, सगळंच्या सगळं येतंय. ती गादी ज्यानं घातली त्याला नदीत बुडवा म्हणतेय."

तेवढ्यात वर्कीच्चन गादी काखोटीला मारून हजर! "काय गं, काय म्हणते आमची रिन्सी?"

"तुमचे आभार मानतेय," जोमोन म्हणाला.

रिन्सीने ती गादी त्यांच्या काखेतून ओढली आणि भिरकावून दिली. वर्कीच्चन कळवळले, "अरे, पण पोरांच्या पाठी दुखतील!" मागून काठी टेकत आलेला सुधीश म्हणाला, "दुखू देत दादा. शर्यत आहे, बारसं नाही." वर्कीच्चन क्षणभर ओशाळले, मग स्वतःच लुंगी वर खोचून उरलेल्या गाद्या घरी घेऊन गेले. रविवारी आमची वल्ही एका हाताची असावीत तशी पडली आणि पंचांनी आम्हाला शर्यतीत घेतले.

ओणमच्या शर्यतीला दोन्ही काठ माणसांनी फुलले होते. शेजारच्या होडीचा म्होरक्या मोनिच्चन आमच्याकडे बघून गोड हसला. "घाबरू नका रे पोरांनो, आम्ही जरा हळूच वल्हवू." शिट्टी झाली. आशानचा सोटा माझ्या छातीवर नाचू लागला आणि तो ताल माझ्या नसानसांतून त्या सगळ्या पायांत गेला. काठावरून "आर्प्पो! इर्रो!" अशी आरोळी उठली. मी अन्न वाहिले, माणसे वाहिली, पण असा अभिमान कधी वाहिला नव्हता.

आम्ही पहिले नाही आलो, खोटे कशाला सांगू? आम्ही दुसरे आलो. मोनिच्चन हातभर मागे राहिला. त्याने कंबरभर पाण्यात उडी टाकली आणि पंचांकडे जाऊन तो तांबडालाल होऊन ओरडू लागला, "त्यांनी आमची वाट अडवली! रीतसर तक्रार आहे माझी! बाद करा त्यांना! आणि ती मागची पोरगी, तिनं मुद्दाम पाणी उडवलं आमच्यावर!"

पंचांनी तक्रार ऐकून घेतली आणि फेटाळली. रिन्सीने भावाला खुणेने विचारले, तो काय म्हणतोय? जोमोनने घाबरत घाबरत शब्दन् शब्द सांगितला. रिन्सीचा चेहरा असा उजळला की काय सांगू! पाण्यावर पहिल्यांदाच कोणी तिच्याशी बरोबरीच्या नात्याने भांडत होते. ती बाकावर उभी राहिली आणि खुणा करू लागली. जोमोनने मोठ्याने सांगितले, "ती म्हणतेय, हो, मुद्दामच उडवलं!"

मित्रांनो, होडीची निगा सोपी असते. वर्षातून एकदा तेल लावा, सावलीत ठेवा आणि मुख्य म्हणजे तिला पाण्यात उतरवा. माणसांचे मी काय सांगणार? पण तुमच्या खेळात रिन्सीसारखे कोणी आले, तर त्याला काठावर झेंडा देऊ नका आणि त्याच्यासाठी हळू वल्हवू नका. जीव तोडून त्याला हरवायला बघा. आणि हरलात, तर मोनिच्चनसारखे कडकडून भांडा.