आधी हाताने दोन फेरे

मी टायमिंग बेल्ट बोलतोय, आणि आवाज चढवूनच बोलणार. आठ वर्षं गाडीच्या इंजिनात झाकणाआड गरगरलो. कुणी एकदा डोकावून विचारलं नाही, की बाबा, तू कसा आहेस?

काळा, दातेरी रबरी पट्टा मी. पिस्टन वर येतो तेव्हा झडपांनी वाट मोकळी करायची असते. तो ताल मी सांभाळतो. मी तुटलो की दोघांची टक्कर, झडपा वाकड्या आणि इंजिन भंगारात.

गाडी एका नर्सबाईंची. त्यांचा दवाखाना गावाबाहेर, तिकडे बस जात नाही. नवरा शिंपी. "पट्टा बदलायला झालाय," असं बाई दोन वर्षं म्हणत होत्या आणि तो म्हणे, "चालतेय ना गाडी? मग!"

माणसांचा हा 'मग!' मला कुरतडत होता. माझ्या दातांच्या मुळाशी भेगा पडल्या होत्या. दर चढावर वाटायचं, आता गेलो.

शेवटी बाईंनी नवा पट्टा आणून शिलाई मशीनवर आपटला. "दोनला माझी ड्यूटी आहे. जमत असेल तर हात लावा, नाहीतर मेकॅनिकला बोलावते."

"अगं, माझं सगळं आयुष्य मापात गेलंय!"

त्याने बॅटरीची तार सोडली, जॅक लावला, गाडीचं पुढचं चाक उतरवलं, सॉकेट पान्यांनी झाकणं उघडली. बोल्ट हवा तेवढाच आवळला जावा म्हणून शेजाऱ्याकडून टॉर्क पानाही आणला होता. अवजारं चोख. पण मला काढण्याआधी, मी ज्यांवरून फिरतो त्या खालच्या-वरच्या दातेरी चाकांवर जागेच्या खुणा करायच्या, तर या गृहस्थाने काय घ्यावं? कापडावर आखायचा खडू!

मी तळमळत होतो. ऐकतो कोण? मला ओढून जमिनीवर टाकलं, तेलकट बोटं फिरली आणि खुणा गायब. त्यातच वरचं चाक झडपांच्या स्प्रिंगच्या जोराने टुणकन सरकलं. त्याने नवा पट्टा चढवला तो अंदाजाने, बॅटरीची तार जोडली आणि किल्लीकडे हात नेला.

"थांबा. आधी हाताने दोन फेरे. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तकवाल्याला दोनची ड्यूटी नसते."

"मला आहे. फिरवा."

त्याने खालच्या चाकाच्या बोल्टला पाना लावला. पाव फेरा, अर्धा फेरा... अडलं. आत पिस्टन झडपेला टेकला होता.

"जाम झालंय जरा. पाइप लावून जोर देतो."

"खबरदार! सुई अडली तर दाबत नाहीत, मागे घेतात."

त्याने पाइप खाली ठेवला. घड्याळात एक वाजून गेला होता. इंजिन मागे फिरवलं, नवा पट्टा उतरवला, चाकांवरचा मळ खरवडला. खाली कारखान्यानेच कोरलेल्या खाचा होत्या! त्या जुळवून पट्टा पुन्हा बसवला, ताण दिला. एक फेरा. दुसरा. खाचा जिथल्या तिथे.

बोल्ट टॉर्क पान्याने मापात आवळले, झाकणं आणि चाक परत लावलं. किल्ली फिरली, इंजिन गुरगुरलं. बाई चहाही न घेता निघाल्या.

मग त्याने मला उचललं, उलटं वाकवलं. भेगा आ वासून उघडल्या. दोन दात त्याच्या तळहातावरच गळून पडले. तो ते दात उलटसुलट करून बघू लागला.

"काल हिला मी यावर पाठवलं होतं?"

हो, पाठवलं होतंस. परवाही. वाचणाऱ्यांनो, तुमच्याही गाडीत माझा एखादा भाऊ फिरतोय. त्याची मुदत उलटलीय का, ते आजच बघा. तो ओरडतोय, झाकणाबाहेर ऐकू येत नाही, एवढंच.