फियाटमधलं पाणी

पावसाने उसंत दिली की नयना गाडीतली पायपुसणी पिळून वाळत घाली, आणि पुढची सर आली की ती पुन्हा चिंब. ड्रायव्हरच्या पायाशी तळंच साचायचं. रघुनाथने काचेचं रबर बदललं, दारांची बदलली. पाणी आपलं येतच होतं. नयना पडली कोल्हापूरची, हाती घेतलं ते तडीला न्यायचंच. शिवाय पंजाबात रोज अतिरेक्यांच्या गोळ्या चालत, आणि चंदिगडात त्या वर्षी लोक दिवस मावळायच्या आत कड्या लावून बसत. नवरा घरी येईपर्यंत हात कशात तरी गुंतलेले असले की तिच्या जिवाला जरा बरं वाटे.

एक भरवसा होता. रघुनाथ सरकारी धान्यगोदामांचा तपासनीस, पण तो फक्त हरियाणातली गोदामं बघायचा. पंजाबात पाऊल टाकणार नाही, असं त्याने देवापुढे शपथ घेऊन सांगितलं म्हणून तर ती इथे राहिली. नाहीतर केव्हाच माहेर गाठलं असतं.

रविवारी तिने त्याला पाण्याची नळी देऊन बाहेर उभं केलं, आतल्या कडांवर टाल्कम पावडर भुरभुरली आणि बॅटरी घेऊन स्वतः आत बसली. पावडरीत ओघळ उमटला की पाण्याची वाट कळते.

"पुढच्या काचेवर धरतो," रघुनाथ म्हणाला.

"पुढचं झालंय बघून. मागे घ्या."

"अगं, पाणी पुढे साचतंय ना?"

"अहो, कौल फुटतं एकीकडे आणि टपकतं भलतीकडे. मागे घ्या म्हणते ना!"

त्याने नळी मागे नेली, पण पाणी सोडलं ते डिकीवर. काय ही टंगळमंगळ! नयना तणतणत उतरली, नळी ड्रायव्हरच्या मागच्या बाजूला टपाच्या कडेवर टेकवली, "इथून हलवायची नाही" असा दम भरला आणि आत जाऊन बसली.

छताच्या कापडाखालून ओघळ निघाला आणि सीटमागून उतरून पुढे पायाशी गेला. वर कापडाची कड नव्याने चिकटवलेली होती. तिने ती ओढली. पत्र्याला भोक होतं, बोट जाईल एवढं, कडा आत वळलेल्या. वर भरलेली पुट्टी पावसाने सुटली होती. ड्रायव्हरचं डोकं असतं, त्याच्या जेमतेम वीतभर मागे.

रघुनाथने नळी खाली टाकली.

"कुठे?" तिने विचारलं.

"पंजाबात, मोग्याच्या रस्त्यावर. खिडकी उघडी होती, गोळी पलीकडे निघून गेली."

"आणि ऑफिसची जीप?"

"सरकारी नंबर दिसला की अतिरेकी अडवतात. आपल्या गाडीने बरं पडतं."

नयनाने कापडाची ती कड टरकन फाडली. संताप म्हणावा तर भीती, भीती म्हणावी तर संताप. "देवापुढे खोटं बोललात! उद्याच्या उद्या बदली मागा, नाहीतर मी चालले."

"मागितली, नयना. साहेब म्हणाले, मग पंजाबात जाणार कोण? सगळ्यांनाच बायका आहेत." तो ओल्या टपाला टेकून उभा होता. "म्हटलं, दोघांपैकी एकाला तरी झोप लागू दे."

लागत होती तिला झोप. अगदी गाढ. त्याची तिला आता लाज वाटली.

"उद्या कुठे?"

तो खाली पडलेली नळी गुंडाळू लागला.

"विचारतेय मी."

"तरनतारन. मोग्याच्याही पुढे."

नयनाने त्या भोकावर तळहात घट्ट दाबून धरला.

"यापुढे निघताना खरं गाव सांगून जायचं," ती म्हणाली. "मी जागी राहीन."