सातवी नळी

माझा नांगर पाहून लोक आधी हसतात. एवढं धूड ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे एकच उभं पातं! पात्याच्या टोकाला लोखंडाची गोळी, तिच्यामागे साखळीला बांधलेला जाड गोळा. हा नांगर माती उलटत नाही की ढेकूळ काढत नाही. वरून पाहिलं तर नुसती एक चीर. पण खाली दोन फुटांवर, चिकण काळ्या मातीत तो गोळा आपल्या मापाची पोकळी कोरत जातो. वावरात तुंबलेलं पाणी त्या पोकळीत झिरपतं आणि नाल्यात जाऊन पडतं. कृषीवाले त्याला मोल नांगर म्हणतात. आमच्या मेहकरकडे 'दयारामचा उंदीर' म्हणतात. म्हणोत बापडे. ज्याचं सोयाबीन उभ्या पाण्यात सडलं, तो दुसऱ्या वर्षी त्याच उंदरासाठी मला चार चार फोन करतो.

या कामाचा एक नेम आहे. पातं नाल्याच्या काठावर मातीत उतरवायचं, चढाकडे जायचं, आणि वरच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, उचलायचं नाही. मधेच उचललं की पोकळी तुटली. वरचं पाणी खाली येतं आणि त्या तुटलेल्या जागी अडून बसतं. नऊ वर्षांत मी हा नेम एकदाच मोडला आणि वर तो लपवला. चूक कबूल करायची म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते, हे माझ्या बायकोला विचारा.

सुलतानपूरच्या पुढे गोपालचं वावर आहे. माणूस सरळ, कष्टाळू, पण घायकुत्या. दिवाळी झाल्यावर त्याचं काम धरलं. नाल्यापासून वरच्या धुऱ्यापर्यंत चौदा ओळी काढायच्या होत्या. पहिल्या सहा लोण्यातून सुरी जावी तशा गेल्या. गोपाल जेवणाचा डबा आणायला घरी गेला आणि मी सातवी ओळ धरली.

नाल्यापासून चाळीसेक पावलांवर पातं वरखाली करणारा हायड्रोलिकचा दांडा आपोआप वर आला. मागे पाहिलं तर पातं मातीबाहेर. दांड्याला माझा हात लागलाच नव्हता. वाटलं, तेल कमी असेल. तेल पाहिलं, भरलेलं होतं. परत नाल्यापासून सुरुवात केली. त्याच जागी दांडा पुन्हा वर. तिसऱ्या खेपेला मी डाव्या हातानं तो दाबून धरला. तर त्यानं माझा हात सावकाश वर उचलला. जोर म्हणावा तर नव्हता त्यात. हट्ट होता.

भरदुपारची वेळ, डोक्यावर ऊन, आणि माझी पाठ गार पडली. मी भ्यालो, दुसरा शब्द नाही. अशा वेळी शहाण्या माणसानं काम थांबवून मालकाला सांगावं. पण दयारामचा उंदीर एका वावराला भ्याला, हे मेहकरच्या बाजारात कळलं असतं तर मी तोंड कुठे लपवलं असतं? मी पातं उचललेलं ठेवून दहा फूट पुढे गेलो, तिथे परत उतरवलं आणि धुऱ्यापर्यंत ओळ नेली. मग सोडलेल्या जागेवरून चाक फिरवलं, म्हणजे चीर तुटल्याचं दिसू नये. उरलेल्या सात ओळी निमूट काढल्या. चौदाही तोंडांना प्लास्टिकच्या नळीचे तुकडे बसवले आणि गोपालला म्हटलं, "झालं काम, पानी पडू दे आता."

डिसेंबरात अवकाळी पडला. चौथ्या दिवशी गोपालचा फोन.

"दयारामभाऊ, तेरा नळ्या चालू हायेत. सातवी कोरडी हाये."

"कचरा अडकला असंन."

"कचऱ्याचं सोडा हो. माही माय त्या नळीपासून उठून नाई राह्यली. तुमी या."

वरची माती ट्रॅक्टर पेलण्याइतकी सुकायला आणखी चार दिवस लागले. आठव्या दिवशी सकाळी मी पोचलो. थंडी अशी की बोटं स्टिअरिंगला चिकटत होती. नाल्यात, सातव्या नळीसमोर, गोपालची आई सोजराबाई उकिडवी बसली होती. सत्तरीची बाई, काटकुळी, पण नजर सुईसारखी. तिनं पदराचं टोक नळीच्या तोंडापुढे धरलं होतं. ते टोक बाहेर उडत होतं आणि परत आत ओढलं जात होतं. बाहेर, आत. बाहेर, आत.

"हवा असते, मावशी," मी म्हटलं. "पोकळी हाये ना आत."

"मंग बाकीच्या नळ्याइले काऊन नाई?"

मी तळहात नळीपाशी नेला. हवा हाताला लागत होती, हलकी आणि भराभर. माझा एक श्वास होईपर्यंत तिचे तीन व्हायचे. मी हात खिशात घातला.

"मा, चाल बरं घरी," गोपाल वैतागून म्हणाला. "लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "बस बापू. तुले एक इचारायचं हाये."

मग तिनं जे सांगितलं ते गोपालनंही कधी नीट ऐकलं नव्हतं. तो नाल्याच्या काठावर उभा होता, तो हळूहळू खाली बसला.

आमच्याकडे तान्हं लेकरू गेलं तर जाळत नाहीत, पुरतात. बाप फडक्यात गुंडाळून वावरात नेतो. आईला नेत नाहीत. पण पुढे महिन्या-दोन महिन्यांनी बाप जागा सांगतो. त्या बांधाच्या कोपऱ्यात, त्या बाभळीखाली. सोजराबाईची पहिली मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली. दुसऱ्या दिवशी बारसं होतं. तिचा नवरा उकंडराव फडकं घेऊन वावरात आला, तासाभरानं हात धुऊन घरी गेला, आणि त्यानं जागा कधीच सांगितली नाही.

"काऊन नाई सांगतली?" मी विचारलं.

"थ्याचं नाव उकंडा काऊन ठेवलं होतं, सांग बरं?"

ते मला सांगायची गरज नव्हती. आधीची मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव उकंडा म्हणजे उकिरडा, नाहीतर दगडू असं काहीतरी ठेवतात, म्हणजे त्याच्यावर कोणाची नजर पडत नाही. उकंडरावाच्या आधीची दोन गेली होती. त्याची आई त्या दोघांच्या जागेवर दिवस दिवस जाऊन बसायची आणि जितं लेकरू घरात रडत पडायचं. ते रडणारं लेकरू म्हणजे तोच.

"थो म्हने, तू बी तशीच करशीन. जागा ठाव नसली का घरात राहशीन," सोजराबाई म्हणाली. "मरायच्या आदल्या दिवशी बी इचारलं म्या. थ्यानं भितीकडे तोंड केलं. अठ्ठेचाळीस वर्सं झाले, बापू. ह्या वावरात म्या निंदलं, सोंगलं, येचलं. कुठी पाय ठेवू नाई, हेच मले ठाव नाई. तुह्या यंत्रानं समदं वावर खालून पाह्यलं. तुले एखांदी जागा लागली का?"

"नाई," मी म्हटलं.

हे मी पटकन म्हणालो, फार पटकन. तिनं नुसती मान हलवली आणि पदराचं टोक पुन्हा नळीपुढे धरलं. मी चढ चढून ट्रॅक्टरपाशी गेलो. मला स्वतःचाच असा संताप आला की मी चाकाला लाथ मारली. एवढ्याशा अब्रूसाठी मी एका आईशी खोटं बोललो होतो. दांडा जिथे होता तिथेच होता, निर्जीव लोखंडाचा. मी परत खाली उतरलो.

"मावशी, लागली होती."

मी सगळं सांगितलं. तीन वेळा दांडा कसा वर आला ते, मी दहा फूट कसे सोडले ते, चाक फिरवून चीर कशी झाकली ते. सोजराबाईनं नाल्यातला मूठभर चिखल उचलला आणि माझ्या छातीवर मारला.

"महिनाभर तुले ठाव होतं! अन् आता नाई म्हनतो बे, माह्या तोंडावर?"

मी शर्ट झटकला नाही. त्या चिखलावर माझा हक्कच होता.

ती सर्वांच्या पुढे चालू लागली. मी पावलं मोजत मागे. चाळिसाव्या पावलाशी मी थांबा म्हणायच्या आधीच ती थांबली होती. बाकीचं वावर वाळून भेगाळायला लागलं होतं आणि तेवढ्या दहा फुटांत लव्हाळा माजला होता, हिरवागार. तिनं त्यात पाय ठेवला. पाय घोट्यापर्यंत रुतला आणि भोवती पाणी वर आलं. ती त्या पाण्याकडे पाहत राहिली. मग तिचा चेहरा असा बदलला की मी नजर वळवली.

"पान्यात हाये माही पोरगी," ती म्हणाली. "इतके वर्सं पान्यात हाये थे."

"मा, आपून इथं दगड ठेवू," गोपालचा आवाज चिरका झाला होता. "शेंदूर लावू. एवढी जागा सोडून देऊ. मी इथं कधी पेरत नाई, बस?"

"दगड कायले ठेवतं? ओल्या फडक्यात लेकरू ठेवते का कोनी?" ती माझ्याकडे वळली. "चालव तुहं यंत्र. मधातून चालव. पानी काढ तिच्याखालचं."

मी नको म्हटलं. हात जोडले. मी सांगितलं की मला भीती वाटते आणि हे पाप माझ्या माथी नको. ती म्हणाली, पाप तर तू आधीच करून बसला आहेस, आता हे काम कर. वादात या बाईपुढे टिकणं कठीण होतं.

नळी काढून ठेवली, पातं नाल्याच्या काठावर उतरवलं आणि निघालो. सोजराबाई त्या हिरव्या जागेत ओणवी होऊन उभी होती, जमिनीला हात लावून. इंजिनाच्या आवाजातही मला तिचं बोलणं ऐकू आलं.

"सरक वं माय, जराशी सरक. पानी जाऊ दे."

ती स्वतःही ट्रॅक्टरच्या वाटेतून बाजूला सरकली. मी डावा हात दांड्यावर ठेवला होता. दांडा हलला नाही. पण त्या दहा फुटांत ट्रॅक्टर इतका हलका चालला, जणू पात्याखाली मातीच नव्हती. मग परत इंजिन कुंथायला लागलं आणि मी धुऱ्यापर्यंत ओळ नेली. वर पोचलो तेव्हा शर्टाखाली घामानं न्हालो होतो, त्या थंडीत.

खाली येऊन नळी बसवली. आधी काहीच आलं नाही. मग गढूळ पाणी आलं, त्यानंतर स्वच्छ, आणि त्याची करंगळीएवढी धार लागली. सोजराबाईनं धारेखाली हात धरला. बराच वेळ धरला.

"कोमट हाये," ती म्हणाली.

गोपालनं माझ्याकडे पाहिलं, म्हातारीचं डोकं फिरलं अशा नजरेनं. मी आठव्या नळीखाली हात नेला. दोन-चार थेंब पडले, बर्फासारखे. सहाव्या नळीचेही तसेच. मग सातवीच्या धारेत बोटं घातली. पाणी कोमट होतं. अंगाला सोसेल इतकंच, त्याहून जराही जास्त नाही. मी गोपालचा हात ओढून धारेखाली धरला. त्यानं तो चटका बसल्यासारखा मागे घेतला.

सोजराबाईनं लुगडं गुडघ्यांपर्यंत वर घेतलं. नळीखाली एक सपाट दगड होता, त्यावर ती बसली आणि तिनं दोन्ही पाय समोर लांब केले, एकमेकांना चिकटवून. पाणी तिच्या नडग्यांवर पडू लागलं. डावा तळवा तिनं पायांच्या वर, हवेत, आधार द्यावा तसा धरला आणि उजव्या हातानं ती पाणी घेऊ लागली, अलगद, पुन्हा पुन्हा. मधेच दोन बोटांनी काहीतरी चोळलं, मग हाताचा पसा उलटा करून वरून पाणी सोडलं, डोळ्यांत जाऊ नये म्हणून आडोसा धरून.

"मा..." गोपाल पुढे झाला. मी त्याचं मनगट धरलं आणि आम्ही दोघं पाठ करून उभे राहिलो. समोर त्याचं वावर होतं, लांबवर सुलतानपूरच्या रस्त्यावरून एसटी चालली होती. मागे पाण्याचा आवाज होता आणि सोजराबाईचं पुटपुटणं. थोड्या वेळानं त्या आवाजात आणखी एक आवाज मिसळला. न्हाऊ घालताना तान्हं लेकरू रडतं तसा, बारीक, रागावलेला.

"भाऊ," गोपाल हळूच म्हणाला, "तुमाले बी आयकू येऊन राह्यलं का?"

"हाव."

त्याचं मनगट मी सोडलं नाही. रडणं थांबेपर्यंत आम्ही दोघांनीही मागे वळून पाहिलं नाही.