लाल पट्टी

लॉर्न कोवालचुकची जीभ तिखट, पण डोकं थंड. कॉलीन फ्रीसनला विमानं सांभाळायला त्यानेच शिकवलं होतं. विमानतळाच्या त्या छोट्या टॉवरमध्ये सगळे एकमेकांना अरे-तुरे करत, तरी लॉर्नसमोर सगळ्यांचा आवाज थोडा खाली यायचा.

टॉवरचा एक साधा नियम होता. धावपट्टीवर गाडी गेली की टॉवरमध्ये खुर्चीवर बसलेल्या कंट्रोलरने समोरच्या फळीवर लाल पट्टी ठेवायची आणि गाडी बाहेर आली की उचलायची. पट्टी असेपर्यंत कोणालाही उतरू द्यायचं नाही. लॉर्नला त्याचा कंटाळा. "मला सगळं इथं आहे," म्हणत तो कपाळावर बोट टेकवी. एखाद्या नव्या पोराने असं केलं असतं तर त्यानेच त्याला सोलून काढलं असतं. पण लॉर्नला कोण बोलणार?

त्या दुपारी वारा सुटला होता आणि बर्फाची भुकटी जमिनीलगत धावत होती. कॉलीन पाळीवर आली तेव्हा लॉर्न कोट चढवतच उठला.

"एक विमान येतंय, वारा पश्चिमेचा, बाकी सामसूम. पळतो मी. बायकोला डॉक्टरकडे न्यायचंय, ओलेना गाडीत बसून शिव्या घालत असेल."

"पाळी बदलताना दोन मिनिटं मागे थांबायचं असतं ना रे?"

"तुला काय अजून बोट धरून चालवू?" तो हसला आणि जिना उतरून गेलासुद्धा.

धावपट्टी मोकळी आहे का, हे तिने विचारायला हवं होतं. तिने फळीकडे पाहिलं. लाल काही दिसलं नाही, म्हणून तिने विमानाला उतरायची परवानगी दिली.

मग तिने मान वर केली. उडत्या बर्फात, धावपट्टीच्या मधोमध, एक नारिंगी दिवा फिरत होता. बर्फ झाडणारी गाडी. आत ती चालवणारा वेंडल.

"उतरू नका! वर जा, वर जा!"

विमान वर उचललं गेलं, वेंडलच्या गाडीच्या टपावरून गरजत निघून गेलं. तिने वेंडलला बाहेर बोलावलं, विमानाला फिरवून आणून उतरवलं. वैमानिकाला वाटलं, वाऱ्यामुळे वर पाठवलं असेल. तिने त्याला तसंच वाटू दिलं.

दुसऱ्या दिवशी तिने लॉर्नला गाठून सगळं सांगितलं. तो पांढराफटक पडला.

"कुणाला कळलंय?"

"मला."

"मग राहू दे ना, पोरी. माझी खुर्ची काढून घेतील. घरी बसून मी काय करू, ओलेनाचे लोकरीचे गुंडे धरू?"

"मीही विचारलं नाही, लॉर्न. माझंही चुकलंय."

"मग गप्प बसण्यात दोघांचंही भलं आहे."

स्वतःहून चूक सांगणाऱ्याला शिक्षा नाही, असं टॉवर चालवणारी कंपनी सांगत असे. भिंतीवर तसा कागदही लावला होता. टॉवरमधल्या कोणाचाच त्यावर विश्वास नव्हता. कॉलीनचाही नव्हता.

खाली जेवणाच्या खोलीत वेंडल थर्मॉसमधलं सूप ओतत होता. "काय गं, काल अर्ध्यातूनच हाकललंस? आणि ते विमान किती खालून गेलं! मला वाटलं, माझी टोपी घेऊन जातंय." तो खळखळून हसला.

कॉलीनला हसता येईना. ती तशीच वळली आणि मॅनेजर पॉलेटच्या खोलीत गेली.

पॉलेटने सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं, "पट्टी न ठेवणारा तो एकटाच आहे का?"

एकटा नव्हता. लॉर्नचं पाहून आणखी दोघं तसंच करू लागले होते, आणि ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. त्या हिवाळ्यात खुर्ची सोडण्याची पद्धत बदलली. जाणारा आणि येणारा, दोघांनी धावपट्टीकडे बघून ती मोकळी आहे की नाही ते मोठ्याने बोलायचं, मगच जाणाऱ्याने उठायचं. कोणाला शिक्षा झाली नाही; पण लॉर्नला खुर्चीवरून उठवून पुन्हा शिकायला बसवलं, कॉलीनचीही पुन्हा परीक्षा झाली. लॉर्नने तिच्याशी बोलणं टाकलं. कोणीतरी तिच्या कपाटावर खडूने 'चुगलखोर' लिहून ठेवलं. तिने ते पुसलं आणि घरी जाऊन रडली. आपण गुरूला बुडवलं, हे तिच्या मनातून जाईना.

लॉर्न परत बसला त्या दिवशी त्याच्यावर लक्ष ठेवायला तिचीच नेमणूक झाली. ती मागे उभी राहिली. नमस्कार नाही की चमत्कार नाही.

एवढ्यात वेंडल धापा टाकत जिना चढून आला. त्याला आता सगळं कळलं होतं. त्याने हातातली टोपी दोनदा फिरवली.

"लॉर्न, माझ्या घरी यातलं काही बोलू नकोस. बायको मला गाडीत बसू देणार नाही." मग थोडं थांबून म्हणाला, "खाली बर्फ साचलाय. जाऊ ना मी?"

लॉर्नने त्याच्याकडे पाहिलं. कपाळाकडे बोट नेलं नाही. "जा," तो म्हणाला, "मी आहे."

थोड्या वेळाने रेडिओवर वेंडलने धावपट्टीवर येण्याची परवानगी मागितली. लॉर्नने आधी लाल पट्टी फळीवर ठेवली, मग परवानगी दिली. नारिंगी दिवा हळूहळू पुढे सरकू लागला.

लॉर्नने पट्टीवरचा हात उचलला नाही. गाडी टोकापर्यंत जाऊन परत फिरली, बाहेर पडली, तोवर तो हात तिथेच होता.

"मोकळी?" त्याने मागे न बघता विचारलं. कित्येक दिवसांनी तो तिच्याशी बोलत होता.

कॉलीनने धावपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहून घेतली.

"मोकळी," ती म्हणाली. तेव्हा त्याने पट्टी उचलली.