पोराची सालं

रहिमतपूरजवळच्या वाडीतल्या नाथाजीचा अर्जुना लढाईत बेपत्ता झाला, त्याला तीन वर्षं होत आली होती. तार आली तेवढीच. पुढं काही कळलं नाही. साताऱ्याच्या कचेरीत पलटणीतला मोठा साहेब येणार असं कानावर आलं, तसा नाथाजी शाळेतल्या मधु मास्तरांकडे गेला. इंग्रजीत बोललं की साहेब नीट ऐकून घेतो, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

आठ दिवसांत सगळं इंग्रजी कुठलं यायला! मास्तरांनी पोराची सालं तेवढी शिकवली. हजार, शंभर काही म्हणायचं नाही. सालाचे मधोमध दोन तुकडे करायचे, आधी एकोणीस, मग उरलेलं. जन्म नाइन्टीन फिफ्टी. भरती नाइन्टीन सिक्स्टी एट. बेपत्ता नाइन्टीन सेव्हन्टी वन. उसाला पाणी पाजताना नाथाजी तेच घोकत राही. शेवटच्या सालाशी जीभ अडखळायची.

साताऱ्यात साहेबापुढं तो ताठ उभा राहिला. अर्जुनाचं नाव सांगून तिन्ही सालं एका दमात म्हणाला, एकही चुकलं नाही. साहेब खुर्चीतून उठला. म्हातारा शिकलेला दिसतो असं समजून त्यानं कागद उघडला आणि हळू आवाजात बराच वेळ इंग्रजीतच बोलला. नाथाजीला एक अक्षर कळेना, आणि तसं सांगायची लाज वाटली. 'येस सर, येस सर' म्हणत तो मान हलवत राहिला. साहेबानं त्याचा हात दोन्ही हातांत धरला, तेव्हा तर त्याला वाटलं, पोराचा ठावठिकाणा लागला.

बाहेर येऊन त्यानं कारकुनाला हसत विचारलं, "कुठं हाय म्हनलं माझं पोरगं?"

कारकुनानं नाथाजीला बाकावर बसवलं.

"बाबा, अर्जुना गेला. लढाईतच गेला. बरोबरच्या जवानानं कैदेतून सुटून आल्यावर जबानी दिली, तिचा कागद आता आलाय."

एसटीनं तो कसा परतला, त्याचं त्यालाच आठवलं नाही. बायकोनं, बनुबाईनं, पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं काही विचारायच्या आत तो म्हणाला, "आपला अर्जुना न्हाई गं आता."

"माझ्या जिवाला कवाच कळलं हुतं," बनुबाई म्हणाली. "तुमची आस मोडवंना, म्हनून गप ऱ्हायले."

तीन वर्षांत पहिल्यांदाच दोघं एकमेकांसमोर रडली. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. शेजारच्या सुलाबाईनं पिठलं-भाकरी आणली, झाकून ठेवली आणि त्यांच्याजवळ बसून राहिली.